सकाळी सहाचा चौकोन

ऑफिसात तिला सगळे चौकोनताई म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे. राग यायला निवांत वेळ लागतो, आणि तिच्यामागे दोनशे चौदा चौकोन लागलेले होते.

काम असं होतं. किनाऱ्याचा नकाशा घ्यायचा आणि त्यावर उभ्या-आडव्या रेघा मारून अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरचे चौकोन पाडायचे. काही पूर्ण जमिनीवर, काही पूर्ण पाण्यात, आणि बरेचसे अर्धे ओले, अर्धे कोरडे. मग एकेका चौकोनात स्वतःच्या पायांनी जाऊन बघायचं, की इथे आहे काय, येतं कोण, करतं काय. आणि ऑफिसात परत येऊन त्याला रंग द्यायचा. लाल म्हणजे हात लावू नका. पिवळा म्हणजे लावा, पण आधी विचारा. पांढरा म्हणजे मोकळा. धक्का कुठे बांधायचा, गोदामं कुठे, फिरायला रस्ता कुठे, हे पुढे मोठी माणसं ठरवणार. पण ठरवताना त्यांचं बोट आधी पांढऱ्यावरच पडणार.

एकोणीस वर्षं ती हे करत होती. खांद्यावर पिशवी, पिशवीला दोरीने बांधलेली पेन्सिल (शाई खाऱ्या हवेत ओघळते, पेन्सिल मुकाट्याने राहते), हातात फूट-फुटाला लाल पट्टे रंगवलेली काठी आणि पायात रबरी चपला. बूट पिशवीत. बूट फक्त साहेबांना भेटताना.

तिचे दोन नियम होते. पहिला, प्रत्येक चौकोनाला चार फेऱ्या, वेगवेगळ्या दिवशी. दुसरा, चारांपैकी एका फेरीला डबा त्या चौकोनातच बसून खायचा.

"नुसतं बघून कळत नाही," ती म्हणायची. "जेवायला बसलं की जागा आपल्याला विसरते आणि आपापल्या कामाला लागते. मग खरं दिसतं."

जीपचा ड्रायव्हर या नियमाला वैतागलेला असे. "ताई, आजचा चौकोन जेवायचा का बघायचा?"

"जेवायचा."

"सावली आहे का तिथे?"

"समुद्रात आहे तो."

"मग मी गाडीत बसतो. तुम्ही जेवा माशांच्या पंगतीत."

जीप दहाला निघायची आणि पाचच्या ठोक्याला ऑफिसच्या फाटकात परत यायची. पाचनंतर ड्रायव्हरच्या मते पृथ्वीवर रस्ते नव्हते.

तीन वर्षं खपून केलेला नकाशा अखेर पुरा झाला. आज मंगळवार, आणि गुरुवारी तो सह्यांना जाणार. साहेब खुशीत होते. त्यांनी चौकोनताईला बोलावून घेतलं आणि स्वतः खुर्ची पुढे ओढून दिली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं, त्यामुळे ती थोडी घाबरलीच.

"ताई, तीन नवे पाहणीदार येतायत. त्यांना तुम्ही तयार करायचं. तुमचं नाव मी वर कळवलंय. काय लिहिलंय सांगू? 'एकोणीस वर्षांत एकही चौकोन दुरुस्तीसाठी परत आलेला नाही.'"

"अहो साहेब, इतकं कशाला..." ती म्हणाली. पण जिना उतरताना तिने ते वाक्य मनात तीनदा म्हणून पाहिलं आणि तिन्ही वेळा ते छान लागलं.

नकाशा कॉम्प्युटरवर चढवणारी पोरगी खालच्या मजल्यावर बसायची. तिला सगळे झूम म्हणत, कारण ती माणसाशी बोलतानाही डोळे बारीक करून जवळ जवळ येत जायची. झूमने पडद्यावर अख्खा किनारा पसरून दाखवला. लाल, पिवळा, पांढरा.

"गोधडीच दिसते ना ताई?"

"गोधडी नाही गं, तीन वर्षांचे माझे गुडघे आहेत ते," चौकोनताई म्हणाली, आणि खूप वेळ बघत उभी राहिली.

*

घरी नवरा आधीच आला होता आणि मोरीत बूट घासत होता. तो बस कंडक्टर. महिन्यापूर्वी त्याची ड्यूटी बदलून पहाटेची पहिली बस त्याच्या वाट्याला आली होती. तेव्हापासून तो चारला उठायचा, दुपारी झोपायचा आणि उरलेला वेळ तक्रार करायचा.

"बघ, बघ ही दशा!" त्याने बूट वर धरला. "माणसाचा बूट आहे का हा? म्हशीचा खूर आहे."

"कुठे गेला होतात?"

"मी कुठे जातोय? चिखल माझ्याकडे येतो. तिकीट काढून येतो! त्या बादलीवाल्या बायका. जाताना रिकाम्या बादल्या, येताना भरलेल्या. वर गुडघ्यापर्यंत चिखल आणि अख्खी बस घसरगुंडी. त्यातली एक म्हातारी मला म्हणते, 'बाळा, जरा सरकून उभा राहा.' मी बाळ? मी पंचावन्न वर्षांचा बाळ?"

चौकोनताई हसत हसत ताटं घेत होती. तिच्या डोक्यात अजून ते वाक्य वाजत होतं. एकही चौकोन परत आलेला नाही. तिने सहज विचारलं, "कुठे उतरतात?"

"शेवटच्या थांब्याला. साडेपाचला पोचते गाडी. तिथून पुढे चालत समुद्रात."

"समुद्रात कशा? तिथे गुडघाभर पाणी असतं."

"मला काय माहीत, मी काय त्यांच्या मागे जातो? साडेसातला येतात परत आणि भरवतात माझी बस."

"रोज?"

"रोज असत्या तर मी नोकरी सोडली असती! महिन्यातून दोनदा. तीन-चार दिवस सलग येतात, मग दहा-अकरा दिवस एक दिसत नाही. परवा अमावास्या झाली ना, आज आल्या. आता उद्याही येणार. मागच्या वेळी पौर्णिमेला..."

ताट हातात घेऊन ती उभी राहिली.

"काय गं? काय झालं? मीठ संपलं का?"

शेवटचा थांबा. तिथून पुढे सरळ समुद्र. नकाशावर तो ख-सतरा. तिने चारदा पाहिलेला ख-सतरा, एकदा डबाही तिथेच खाल्लेला. रकान्यात तिच्याच अक्षरात: वापर नाही. रंग: पांढरा. आणि त्या पांढऱ्यावर मोठ्या माणसांचं बोट पडूनही झालं होतं. तिथे बोटदुरुस्तीचं यार्ड येणार होतं, खोदकाम करून, भराव घालून.

"तुम्ही जेवून घ्या," ती म्हणाली, आणि पिशवीतून वह्या काढून जमिनीवरच बसली.

पहिली फेरी, अकरा चाळीस. दुसरी, तीन दहा. तिसरी, बारा वाजता. इथे डबा खाल्ला. चौथी, साडेदहा. चारांतल्या तिसऱ्या फेरीपुढे तिनेच अभिमानाने लिहून ठेवलं होतं, 'मुद्दाम ओहोटी गाठून पाहिले. काठी: गुडघाभर पाणी.'

मुद्दाम ओहोटी गाठून! तिला स्वतःच्याच अक्षराची लाज वाटली. तिने भिंतीवरचं भरती-ओहोटीचं कोष्टक उतरवून मांडीवर घेतलं आणि बोट फिरवायला लागली. या किनाऱ्यावर दुपारी बाराला ओहोटी येते ती अष्टमीच्या आसपासची. तेव्हा समुद्र आळसावलेला असतो, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. खरी खोल ओहोटी अमावास्या-पौर्णिमेची. ती येते कधी? सकाळी सहा. पुन्हा कधी? संध्याकाळी सव्वासहा. या महिन्यात. मागच्या महिन्यात. त्याच्या मागच्या महिन्यात. दर वेळी, वर्षभर, तेव्हाच. दहा ते पाच या वेळेत इथला समुद्र कधी म्हणजे कधीच पूर्ण मागे जात नव्हता.

म्हणजे चार काय, चारशे फेऱ्या मारल्या असत्या तरी जीपमधून तिला गुडघाभर पाणीच दिसलं असतं.

"अगं, जेव तरी," नवरा म्हणाला. "कोण मेलं?"

"कोणी नाही. उद्या मला तुमच्या बसने यायचंय."

"पहिल्या? पावणेपाचच्या?" त्याने घास खाली ठेवला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, आणि इतक्या वर्षांत तिने एकदाही त्याच्या बसने प्रवास केला नव्हता. त्याने मिशीवरून हात फिरवला. "सुटे आण मात्र."

*

"कुठे?"

"अहो, मी आहे."

"ते दिसतंय. कुठे?"

"शेवटचा थांबा."

त्याने अत्यंत गंभीर चेहऱ्याने तिकीट फाडून तिच्या हातात ठेवलं. मागच्या बाकांवर खसखस पिकली. अंधारात बस भरलेली होती. सगळ्या बायका, प्रत्येकीच्या पायांमध्ये बादली, बादलीत एकेक छोटं लोखंडी फावडं.

"बाळा, कोण रे ही?" मागून एका म्हातारीने विचारलं.

"बायको आहे माझी."

"मग तिकीट घेतोस तिच्याकडून?"

"सोडलं तर तुम्ही म्हणाल, आम्हालाही सोड."

"म्हणणारच!" अख्खी बस हसली. म्हातारीने बाजूच्या बाईला कोपराने ढकललं आणि जागा केली. "ये, बस इथे. अशा माणसाबरोबर संसार केलास, तुला बसायचा मान आहे."

सगळ्या तिला मावशी म्हणत होत्या, म्हणून चौकोनताईही म्हणाली, "मावशी, तुम्ही किती वर्षं येता इथे?"

"मी? माझ्या आईच्या कडेवर बसून पहिल्यांदा आले. आता गुडघे म्हणतात, पुरे. मी म्हणते, आधी तुम्ही चाला, मग ठरवू."

बस थांबली. बायका उतरल्या आणि रांगेने चालायला लागल्या, आणि चौकोनताई त्यांच्यामागे. उजाडत होतं. जिथे पाणी सुरू व्हायला हवं होतं तिथे पाणी नव्हतं. तिने काठी टेकवली. ओली वाळू. आणखी पुढे. पुन्हा वाळू. गुडघाभर पाण्याची जागा उघडीच मागे पडली आणि समोर समुद्राच्या पोटातून जमीन वर आलेली दिसली. काळसर, चमकणारी, चार मैदानं मावतील एवढी. तिच्यावर कडेकडेने पाणी बारीक ओघळत निघून चाललं होतं, जसं काही कोणी नुकतंच फडकं मारून गेलंय.

 तीन वर्षं ती या जागेच्या वर काठी टेकवून उभी होती.

"काय गं, पाणी शोधतेस का?" मावशी म्हणाली. मग तिने मान तिरकी करून तिच्याकडे नीट पाहिलं, काठीकडे पाहिलं. "थांब. तू तीच ना? दुपारची येऊन त्या खडकावर बसून डबा खाणारी?"

"मी... हो. तुम्ही पाहिलंत मला?"

"माझ्या लेकीचं घर तिथे वर आहे, त्या दुपारी मी तिच्याकडे होते. खिडकीतून दिसलीस. मी लेकीला म्हटलं, बघ बाई, घरी भांडण झालेलं दिसतंय, बिचारी इथे येऊन जेवते. वाटलं जाऊन विचारावं, काय छळतात का गं सासरचे? मग म्हटलं, नको, जेवताना नको."

"अहो मावशी, मी सरकारी पाहणीला यायचे! इथे कोणी येतं का, ते बघायला!"

"दुपारी बाराला?" मावशी इतक्या मोकळेपणाने हसली की पुढच्या दोघी थांबल्या. "अगं, दुपारी बाराला इथे कोण येणार? दुपारी बाराला तर आम्ही विकून, जेवून, आडव्या झालेल्या असतो. विचारायचंस तरी!"

"विचारलं होतं. थांब्याजवळच्या चहावाल्याला."

"तो नऊला दुकान उघडतो. त्याला काय, त्याचं लग्न झालेलंही दहा वाजता कळलं असेल."

बायका पसरल्या. कोणी कुणाला सांगितलं नाही, ओरडाओरडा नाही. प्रत्येकीला आपली जागा ठाऊक. वाकायचं, फावड्याने वाळू उलटायची, शिंपले वेचायचे, लहान असले की परत दाबायचे. चौकोनताईने पेन्सिल काढली आणि पाच-पाच काड्यांच्या जुड्या मारत मोजायला लागली. त्रेचाळीस बायका. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की वाळूच्या या पट्ट्याच्या डाव्या बाजूला एकही बाई गेली नव्हती. तिथे कडेने काठ्या रोवलेल्या होत्या आणि प्रत्येक काठीला चिंधी.

"तिकडे का नाही जात कोणी?"

"ती आज झोपलेली आहे," मावशी वाकलेलीच म्हणाली. "पट्ट्याचे तीन भाग. या अमावास्येच्या उधाणाला दोन वेचायचे, एक झोपवायचा. पुढच्या उधाणाला दुसरा झोपवायचा. चिंधी ओलांडली की बादली उलटी करतात. माझी सख्खी नणंद होती, तिचीही उलटवली होती मी."

"हे कोणी आखलं?"

"कोणी म्हणजे? आधीच्या बायकांनी. तुझ्याकडे नकाशा आहे तसा आमच्याकडे हा आहे. फरक एवढाच की आमचा ओला आहे."

चौकोनताईला काठ्यांचं अंतर मोजायचं होतं. ती उत्साहात तरातरा निघाली, कडेच्या मऊ जागेत पाय पडला, आणि बघता बघता ती पोटरीपर्यंत आत. एक पाय काढायला गेली तर दुसरा गेला.

"हलू नको!" मावशी ओरडली. "हललीस की आणखी आत! अगं ए, धरा गं त्या सरकारला!"

तिघींनी मिळून सरकारला बाहेर ओढलं. सरकारची एक चप्पल आतच राहिली. तिने काठी खुपसून शोधली, पण तोवर चिखल मिटून गेला होता.

"राहू दे," मावशी म्हणाली. "समुद्र ठेवून घेत नाही काही. आणून देईल कधीतरी."

परतताना चौकोनताईने घसा साफ केला. ती हे सांगायला आली नव्हती, पण न सांगता बसमध्ये शेजारी बसणं तिला जमलं नसतं. "मावशी, या जागेवर बोटदुरुस्तीचं यार्ड येणार आहे. खणणार आहेत इथे. कारण मी लिहिलं की इथे कोणी येत नाही."

 मावशीने बादली या हातातून त्या हातात घेतली. चार पावलं गेल्यावर म्हणाली, "मग आता काय लिहिणार आहेस?"

*

साहेबांनी आधी तिचा चेहरा पाहिला, मग एक पाय आणि मग दुसरा.

"ताई, बूट?"

"पिशवीत आहेत. पाय धुवायला थांबले नाही." तिने उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. त्रेचाळीस बायका, तीन भाग, चिंध्या, सकाळी सहा. झूमही दारात येऊन उभी राहिली होती आणि नेहमीप्रमाणे हळूहळू जवळ सरकत होती.

साहेबांनी डोकं धरलं. "उद्या सह्या आहेत."

"हो."

"ख-सतरा लाल केला तर यार्ड हलवावं लागणार."

"हो. ख-वीस खडकाळ आहे, कातळ आहे तिथे. तिथे चालू शकेल."

साहेब माणूस वाईट नव्हते. पाच मिनिटं त्यांनी पेन टेबलावर आपटलं आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "हे बघा, एक मार्ग आहे. आपण असं लिहू, 'वापर: नव्याने सुरू झालेला.' म्हणजे तुम्ही पाहिलं तेव्हा कोणी येत नव्हतं, आता यायला लागलेत. तुमची चूक नाही, आमची चूक नाही. चौकोन पिवळा होईल. उद्या नकाशा जाईल. आणि तुमच्या नावाचा कागद वर गेलाय ना, त्याला धक्का लागणार नाही."

खोलीत पंखा फिरत होता. चौकोनताईला कबूल करावं लागलं की मार्ग चांगला होता. इतका चांगला की तिने पेन्सिल हातातसुद्धा घेतली. नव्याने सुरू झालेला. तीन शब्द. एकही चौकोन परत आलेला नाही, हे वाक्य तसंच्या तसं राहिलं असतं.

"नवा वापर असला की काय होतं साहेब?" तिने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं. नियमांचं ते पान तिनेच झूमला टाइप करायला दिलं होतं.

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

झूमनेच सांगितलं. "योजनेनंतर आलेल्यांना दुसरीकडे हलवता येतं. आधीपासून असलेल्यांना नाही."

"म्हणजे मावशीला हलवता येईल," चौकोनताई म्हणाली. "आईच्या कडेवर बसून आली होती ती. तिला मी काल आलेली लिहू?"

"ताई, मग कारणाच्या रकान्यात काय लिहायचं?"

"खरं तेच." तिने फॉर्म ओढून घेतला आणि भरायला सुरुवात केली. लिहिता लिहिता मोठ्याने वाचत गेली, कारण मोठ्याने वाचलं की हात मागे येत नाही. "'पाहणी चुकली. चारही फेऱ्या कार्यालयीन वेळेत केल्या. त्या वेळेत येथील समुद्र पुरता मागे जात नाही. वापर जुना आहे. पाहणारी नवी होती.'"

"शेवटचं वाक्य काढा," साहेब म्हणाले. "फॉर्म आहे तो, नाटक नाही."

तिने ते काढलं. मग पेन्सिल कानामागे खोचून म्हणाली, "साहेब, आणखी एक."

"आणखी?"

"ख-सतरा एकटा नाही. किनाऱ्यालगतचे सगळे पांढरे चौकोन मी याच जीपमधून, याच वेळात पाहिलेत. ते सगळे पुन्हा बघायला हवेत. खऱ्या ओहोटीला."

"किती?"

"एकतीस."

"एकतीस!" साहेब उठून उभे राहिले, पुन्हा बसले. "ताई, एकोणीस वर्षांत एकही परत आला नाही म्हणून मी लिहिलंय हो वर! आणि तुम्ही एका दमात एकतीस परत आणलेत!"

 एक पाय चिखलाचा, एक पाय चपलेचा, अशी ती उभी राहिली. झूमने मागच्या मागे तोंड दाबून धरलं होतं. साहेबांनी झूमकडे पाहिलं, चौकोनताईकडे पाहिलं, फरशीवर दारापासून टेबलापर्यंत उमटलेल्या एकाआड एक पावलांकडे पाहिलं, आणि त्यांनाही राहवलं नाही. ते हसले. वैतागून, पण हसले.

"महिनाभर मागून घेतो," ते म्हणाले. "शिव्या मी खाईन. पण वर दुसरा कागद पाठवावा लागेल, तुमच्या नावाचा. त्यात हे सगळं येणार."

"येऊ द्या."

"नव्या पोरांना शिकवायचं राहिलंच कदाचित."

हे तिला लागलं. नाही म्हणण्यात अर्थ नाही. जिना उतरताना तिने ते जुनं वाक्य मनात एकदा म्हणून पाहिलं, आणि मग त्याला निरोप दिला. खालच्या मजल्यावर झूमने ख-सतरा उघडून ठेवला होता. पांढऱ्याचा लाल करायला एक बोट टेकवावं लागतं.

"तुम्हीच करा ताई."

तिने केला. अख्ख्या गोधडीत आणखी एक लहानसा लाल तुकडा. तो बघता बघता तिला भूक लागली आणि आठवलं, आज डबाच आणलेला नाही.

*

महिन्याभराच्या मुदतीत खोल ओहोटीच्या दोन खेपा मिळाल्या, पौर्णिमेची आणि पुढच्या अमावास्येची. सकाळ-संध्याकाळ धरून एकतीस चौकोन बघून झाले. सव्वीस खरोखरच मोकळे निघाले. चारांत पहाटे माणसं होती. उरलेल्या एकात तर जाळी सुकवणाऱ्यांची अख्खी वस्तीच सकाळी चहा पीत बसलेली. ते पाचही लाल-पिवळे झाले. यार्ड ख-वीसच्या कातळावर गेलं, आणि तिथल्या इंजिनिअरने सांगितलं की तिथे भराव कमी लागेल, हे आधीच का नाही सुचवलं? साहेबांनी ते श्रेय शांतपणे स्वतःकडे घेतलं. चौकोनताईनेही घेऊ दिलं.

जीप आता पहाटे पाचला निघायची. ड्रायव्हरने पहिल्या दिवशी ब्लँकेट पांघरून गाडी चालवली.

"ताई, हा चौकोन जेवायचा का?"

"पहाटे पाचला?"

"मग मी आणलेला डबा कोण खाणार?" तो म्हणाला. त्याने खरंच आणला होता. दोघांपुरता.

फॉर्ममध्ये एक नवा रकाना आला. तो तिने सुचवला आणि झूमने बसवला: 'पाहिले तेव्हा समुद्र कुठे होता?' वरच्या ऑफिसातून विचारणा झाली की हा काय प्रकार आहे. साहेबांनी दोन पानी उत्तर लिहिलं, त्यात चौकोनताईचा दुसरा कागद जोडला, चूक कबूल केलेला. आणि वरून उलट टपाली आलं की ज्या बाईंनी स्वतःचे एकतीस चौकोन परत आणले त्यांनाच नव्या पाहणीदारांना शिकवायला सांगा. साहेबांनी ते पत्र तिला वाचून दाखवलं, खुर्ची पुढे ओढून.

घरी मात्र एका माणसाला हे पटलं नव्हतं. "जीपने जातेस तू आता," नवरा बूट घासत म्हणाला. "एकदाच आलीस माझ्या बसला. लोकांना वाटलं असेल, सेवा आवडली नाही."

"तिकीट घेतलंत तुम्ही माझं."

"मग? फुकट नेलं असतं तर परत आली असतीस?"

पुढच्या पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी तिने जीप पाठवून दिली आणि पावणेपाचच्या बसला जाऊन बसली, तिन्ही नव्या पाहणीदारांना बरोबर घेऊन. चौघांचं तिकीट काढलं. कंडक्टरने चारही तिकिटं इतक्या रुबाबात फाडली की मागच्या बाकांवर पुन्हा खसखस पिकली.

मावशीने जागा केली, बादलीत हात घातला आणि वर काढली ती एक रबरी चप्पल. खाऱ्या पाण्याने पांढुरकी पडलेली, टाचेला दोन बारीक शिंपले चिकटून घर करून बसलेले.

"म्हटलं होतं ना, आणून देईल? तेव्हा झोपलेला होता त्या भागात, तो उघडल्यावर सापडली. घे. आणि तुझ्या वहीत लिहून टाक हिच्यापुढे, वापर नाही."

चौकोनताईने चप्पल उलटीपालटी करून पाहिली. टाचेवरचे शिंपले घट्ट मिटलेले होते, जिवंत होते.

"असं कसं मावशी," ती म्हणाली, "राहतायत की इथे कोणीतरी." आणि उतरल्यावर चिंध्यांच्या पलीकडच्या वाळूत तिने ती चप्पल होती तशी परत ठेवून दिली.